पाडा आणि सोसायटी: मिळून रोपवाटिका चालवायची तर

मुंबईत आरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आत-बाहेर वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी यांचे पाडे आहेत. एकट्या आरेत २७ पाडे मोजले जातात. त्यांना लागूनच गोरेगाव, मालाड, बोरिवली, मुलुंडचे टॉवर. टॉवरवाल्यांना झाडं लावायची असतात आणि पाड्यातल्यांना झाडं ठाऊक असतात. तरी दर जूनमध्ये बॅनर, टोप्या, वडापाव असा कार्यक्रम होतो आणि मार्चपर्यंत रोपांच्या काड्या होतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं. काय लावायचं, कुठं आणि कधी, हे सोसायटीनं आधीच ठरवलेलं असतं. पाड्याला बोलावलेलं असतं ते खड्डे खणायला, नाहीतर फोटोला.

इथं दिलेली पद्धत उलट्या टोकानं सुरू होते. पाड्याच्या अंगणात १,००० पिशव्यांची देशी झाडांची रोपवाटिका, सोसायटीकडून खत, पैसा आणि पाणी, आणि मग सुमारे एक एकरावर लागवड व तीन वर्षं जोपासना. हजार हा आकडा सहा-सात बायांना घरचं सगळं बघून पेलवतो. हजारांतली सातशेच्या आसपास रोपं धड उभी राहिली तर काम चांगलं झालं समजा.

ऑक्टोबर: बोलणी

सुरुवात जूनमध्ये नाही, ऑक्टोबरमध्ये करायची. भात निघालेलं किंवा निघत आलेलं असतं, पाऊस संपलेला असतो, लोक जरा मोकळे असतात. आश्विन वद्य द्वादशीला वाघबारशीचा सण असतो, त्या दिवसांत बैठक ठेवू नका. तारीख पाड्यानं द्यावी. रविवारी सकाळी दहा ही सोसायटीची सोय. पाड्यातल्या कामावर जाणाऱ्या बाया रात्री आठनंतरच सापडतात.

आता एक अवघड गोष्ट, जी कुणी कागदावर लिहीत नाही. पाड्यातल्या अनेक बाया त्याच सोसायटीत धुणीभांडी करतात, पुरुष माळीकाम किंवा वॉचमनकी करतात. जिच्या घरी रोज काम करायचं तिनंच बैठकीत विचारलं, ‘काय गं, करशील ना?’ तर ‘नाही’ म्हणायची सोय उरत नाही. म्हणून बोलणी करायला जाणारी दोन-तीन माणसं अशी निवडा, ज्यांच्या घरी पाड्यातलं कुणी कामाला नाही. आणि ‘काय गं’ नको. वयानं मोठ्या माणसाला आजी, काका, मावशी, बरोबरीच्याला दादा, ताई, सगळ्यांशी अहो-जाहो. पाड्यातली मंडळी सोसायटीत बैठकीला आली तर गेटवर आधीच नावं द्या, आणि सर्व्हिस लिफ्टकडे बोट दाखवू नका, असं वॉचमनला बजावून ठेवा. हे एकदा चुकलं की पुढचे सहा महिने निस्तरत बसावं लागतं.

पहिल्या बैठकीत झाडांचा विषय काढायचाच नाही. पाड्याला काय हवंय ते विचारायचं. पाणी, दिवाबत्ती, रस्ता, दाखले अशीच यादी निघते. सगळं सोसायटीला जमणार नाही, आणि तसं तोंडावर सांगितलेलं बरं. पण त्यातलं एक काम या प्रकल्पासोबत चाललंच पाहिजे. सर्वांत सोपं म्हणजे रोपांसाठी बसवायची २,००० लिटरची टाकी पाड्याच्या वापरालाही खुली ठेवणं. ही टाकी कुठं ठेवायची ते बायांनी ठरवावं. पाणी भरायला त्याच जातात.

निर्णय कितीजणांनी घेतला म्हणजे पाड्याचा निर्णय? वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांत ग्रामसभेसाठी एक माप आहे: निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. रोपवाटिकेला कायद्यानं हे बंधन नाही, पण माप चांगलं आहे, तेच वापरा. एखाद्या पुढाऱ्यानं ‘मी बघतो सगळं’ म्हटलं की सोसायटीला हायसं वाटतं. तिथंच गाडी अडते, कारण पुढं पाणी घालायला पुढारी येत नाही.

ठरलं ते एका पानावर, मराठीत, मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि दहा दिवस पाड्यात ठेवून द्यायचं. सही त्यानंतर. पानावर एवढं असलंच पाहिजे: रोपं कुणाच्या मालकीची, एका रोपाचा भाव किती, पैसे कोणत्या टप्प्यांत, मेलेल्या रोपांचा तोटा कुणी सोसायचा, फोटोला परवानगी कुणाची, आणि मध्येच थांबायचं झालं तर कसं थांबायचं. शेवटचा मुद्दा सोसायटीवाले हमखास गाळतात.

जमीन

मे महिन्यात पडीक दिसणारा उतार पावसात कुणाच्या तरी नागली-वरीचा वरकस असतो. तिथं परस्पर खड्डे खणले तर तुम्ही एका घराचं शेत बळकावलं, मग झाड कितीही देशी असो. वनहक्क कायदा, २००६ खाली दावा केलेल्या तुकड्यावर तर दावेदारानं स्वतः सांगितल्याखेरीज कुदळ लावायची नाही. त्यामुळे कागदी नकाशा नंतर. आधी पाड्यातल्या दोन जाणत्यांबरोबर शिवार फिरायचं. गुरांची वाट कोणती, देवाची जागा कुठं, कुठल्या झाडाला हात लावायचा नाही, लाकूडफाटा कुठून येतो, हे सगळं त्या फेरीत कळतं. देवाच्या जागा नकाशावर टिपायच्या की नाही, ते पाडा ठरवील.

परवानगी जागेच्या ताब्यावर अवलंबून असते. आरेची जमीन मुळात दुग्धव्यवसाय विकास विभागाची. २०२० साली तिच्यातले ८०० हून अधिक एकर राखीव वन म्हणून जाहीर झाले, म्हणजे तिथं वनखातं. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू, त्यामुळे आत लागवडच काय, बी वेचायलाही लेखी परवानगी लागते. अर्ज पाडा आणि सोसायटी दोघांच्या सहीनं करा, आणि नोव्हेंबरातच करा. रोपवाटिका मात्र पाड्याच्या अंगणात असल्यानं या कागदांसाठी अडून राहत नाही.

बी: जानेवारी ते जुलै

उद्यानातून परवानगीशिवाय बी आणता येत नाही, मग आणायचं कुठून? पाड्याच्या परसातल्या झाडांखालून आणि सोसायट्यांच्या आवारातून. इथं सोसायटीची पोरं खरंच उपयोगी पडतात: कुठल्या आवारात बहावा आहे, कुठं करंज, कुठं शिवण, याची यादी त्यांनी करावी. गुलमोहर, सोनमोहर, सुबाभूळ यांचं बी आणलं तर परत पाठवा.

बहाव्याच्या शेंगा जानेवारी ते मार्चमध्ये काळ्या होऊन खडखडतात. करंज फेब्रुवारीपासून मेपर्यंत. काटेसावरीची बोंडं एप्रिलमध्ये, उकलण्याआधी काढायची. एकदा कापूस उडाला की बी गेलं. पळस आणि पांगारा एप्रिल-मे, शिवण मेच्या आसपास, कोशिंब आणि मोह जून-जुलैत. मोहाचं बी साठवून ठेवायचं नाही. दोन-तीन आठवड्यांत त्याची उगवण जवळजवळ संपते, म्हणून वेचलं त्याच आठवड्यात लावायचं. काटेसावर, पळस यांचंही ताजं बी बरं.

बहाव्याचं बी तसंच पेरलं तर महिनोन्‌महिने दगडासारखं पडून राहतं. त्याचं कवच पाणी आत जाऊ देत नाही. पातेल्यात पाणी उकळायचं, चुलीवरून उतरवायचं, त्यात बी टाकायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. चुलीवर उकळत ठेवायचं नाही, नाहीतर शिजतं. सकाळी काही बिया फुगून जवळजवळ दुप्पट झालेल्या दिसतात, वरचा चकचकीतपणा गेलेला असतो. त्या वेचून लगेच पेरायच्या. ज्या तशाच टणक राहिल्या, त्यांना पुन्हा एकदा गरम पाणी. तरीही हटून बसल्या तर एका बाजूनं खडबडीत दगडावर कवच घासायचं, आतला पांढरा गर जेमतेम दिसेल इतकंच.

दर जातीचं बी निदान पाच-सहा वेगवेगळ्या झाडांचं हवं. सगळं एकाच झाडाखालून उचलणं सोपं असतं, म्हणून सगळे तेच करतात, आणि मग एकाच आईची शंभर लेकरं शेजारी-शेजारी उभी राहतात.

कोणती झाडं किती, हे पाड्यानं सांगावं. सोसायटीच्या यादीत फुलं दिसणारी झाडं असतात. पाड्याच्या यादीत मोह, उंबर, काकड, ऐन अशी उपयोगाची. काकडाचंच बघा. पहिल्या पावसात शेवळं ही रानभाजी येते, आणि शेवळाची भाजी घशाला खाजू नये म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळं घालतात. काकड तुटले तर शेवळं उगवूनही भाजी होत नाही. असा दुवा सोसायटीच्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून यादी करताना ‘हे झाड का?’ असं विचारून उत्तर शेजारी लिहून घ्या. लिहायला ‘नको’ म्हणाले तर लिहू नका. औषधी पाल्याच्या बाबतीत बरेचदा ‘नको’च येतं, आणि ते बरोबर आहे.

माती, खत, पिशव्या

६ बाय ८ इंचांची पिशवी भरायला साधारण सव्वा लिटर मिश्रण लागतं. हजार पिशव्यांना १,३०० लिटर, म्हणजे १५ लिटरची ८५-९० घमेली. प्रमाण दोन भाग माती, एक भाग खत, एक भाग वाळू. माती वनजमिनीतून उचलायची नाही. शिवण, पांगारा यांसारख्या झपाट्यानं वाढणाऱ्यांना ८ बाय १० ची पिशवी द्या, नाहीतर पावसाळा संपेपर्यंत मुळं तळाशी गुंडाळतात.

खताचा चौथा हिस्सा, म्हणजे सव्वातीनशे लिटर, सोसायटीनं द्यायचा. दिवसाला १०० किलोंहून जास्त ओला कचरा निघणाऱ्या मोठ्या संकुलांनी तो आवारातच जिरवावा, असा महापालिकेचा २०१७ पासूनचा आग्रह आहे, त्यामुळे खत असतं. पण ते तसंच उचलून पाड्यात नेऊ नका. दोन खोड्या असतात. एक, शिजलेल्या अन्नाचं मीठ. त्यानं कोवळ्या रोपांची पानं कडेनं करपतात. दुसरी, अर्धकच्चं खत. त्याच्या वासावर कुत्री आणि डुकरं येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या. अंगणात बिबट्या येईल अशी सोय करून ठेवणं ही शेजाऱ्याला द्यायची भेट नव्हे.

तपासायची रीत सोपी आहे. खत मुठीत दाबून हुंगायचं: पावसाळी मातीचा वास हवा, आंबूस नको. मग एका कुंडीत अर्धं खत, अर्धी माती घेऊन मेथीचे २० दाणे पेरायचे. आठवड्यात १५-१६ उगवले आणि पानं हिरवी राहिली तर खत चालेल. नाही तर आणखी महिनाभर कुजू द्या, पाणी मारून मीठ धुऊ द्या, आणि पुन्हा मेथी. ही चाचणी सोसायटीच्या आवारात करायची, पाड्यात नाही.

पहिला जून जाऊ द्या

सर्वांत जास्त भांडणं इथं होतात. फेब्रुवारीत पेरलेलं रोप जूनमध्ये वीतभर असतं. सोसायटीला ५ जूनला, पर्यावरण दिनाला, लागवड हवी असते. त्या तारखेला मुंबईत पाऊस बहुतेकदा आलेलाच नसतो. तो धरला जातो ११ जूनच्या सुमारास. वीतभर रोप, कोरडी जमीन आणि शंभर उत्साही पाय यांचा हिशेब सरळ आहे. रोपं वर्षभर पिशवीत वाढवा आणि पुढच्या जूनमध्ये दोन-तीन फुटांची झाल्यावर लावा. मधल्या वर्षात पिशव्या दर दोन महिन्यांनी जागच्या हलवायच्या, बाहेर आलेली मुळं कापायची, उंच रोपं एका रांगेत आणि बुटकी दुसऱ्या रांगेत करायची. एप्रिल-मेमध्ये वर झावळ्यांचा मांडव; हिरवी नेट नसली तरी अडत नाही.

या रिकाम्या पावसाळ्यात सोसायटीच्या हातांना काम आहे: लागवडीच्या जागेवरची रानमोडी आणि घाणेरी ही माजलेली परदेशी झुडपं काढणं. रानमोडी ऑगस्ट-सप्टेंबरात, जमीन ओली असताना आणि फुलायच्या आधी, मुळासकट उपटायची. घाणेरीला नुसतं वरून छाटलं तर ती दुप्पट जोमानं फुटते. खोड आणि मूळ जिथं जुळतात त्याच्या खाली, जमिनीत दोन-तीन बोटं, कुदळीनं तोडायचं आणि झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं. गिरिपुष्प मात्र विचारल्याशिवाय तोडू नका. परदेशी असलं तरी त्याचं सरपण आणि पालाखत पाड्यात लागतं. देशी झाडं वाढून तेवढं सरपण देईपर्यंत ते उभं राहू दे.

लागवड

खड्डे दुसऱ्या वर्षीच्या मेमध्ये, दीड फूट लांब, रुंद, खोल. तीन मीटरवर एक धरलं तर एकरात साधारण ४५० बसतात. इथं काळा पाषाण वरच असतो, त्यामुळे ओळ सरळ यावी हा हट्ट सोडा. जिथं पहार जाते तिथं खड्डा. ४५० लावल्यावर शंभर रोपं मर भरून काढायला मागं ठेवा, बाकीची सोसायट्यांनी ठरलेल्या भावानं विकत घ्यावीत.

लावायचं कधी? दोन चांगले पाऊस झाले आणि खड्ड्यातली माती हातभर ओली लागली की. पण जूनच्या शेवटी आणि जुलैत ज्यांची शेती आहे ती घरं आवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, असतात. म्हणून दिवस पाड्यानं द्यायचा, आणि आवणीच्या आठवड्यात खड्डे भरण्याचं काम सोसायटीनं करायचं. एका वेळी २५ हून जास्त माणसं नकोत. दर पाचजणांमागे पाड्यातलं एक माणूस, आणि त्या दिवसापुरतं त्याचं ऐकायचं. पिशवी ब्लेडनं कापून काढायची आणि तिथंच मोजायची: जितकी रोपं तितक्या रिकाम्या पिशव्या परत आल्या पाहिजेत. पिशवीसकट गाडलेली रोपं दरवेळी निघतात, आणि ती नेमकी घाईतल्या पाहुण्यांनी लावलेली असतात.

तबेल्यांची गुरं फिरत असतील तर बोरीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण. नोव्हेंबर ते मे दर रोपाला १२ दिवसांनी १० लिटर पाणी: एका फेरीला ४,५०० लिटर, अशा १७-१८ फेऱ्या, म्हणजे पहिल्या वर्षी सुमारे ८०,००० लिटर. टँकरचा खर्च आधीच अंदाजपत्रकात घाला. फेब्रुवारीच्या आत कडेनं तीन मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा, मोकळी करा. दुसऱ्या वर्षी पाण्याच्या फेऱ्या निम्म्या, तिसऱ्या वर्षी फक्त एप्रिल-मे.

पैसा

माहिती सांगणं हेही काम आहे. शिवारफेरीला नेणाऱ्या जाणत्यांना आणि दिवसा बैठकीला बसणाऱ्यांना, त्या दिवशी बाहेर मिळाली असती तेवढी मजुरी त्याच दिवशी. रोपांचे पैसे महिला बचत गटाच्या खात्यात तीन टप्प्यांत: पिशव्या भरून पेरणी झाली की ४० टक्के, रोपं फूटभर झाली की ३०, रोपं लागवडीला उचलली की ३०. सगळे पैसे रोपं उचलण्यावर ठेवले तर वर्षभर घरचं घालून पाणी कोण घालील?

सोसायटीचा ठराव सर्वसाधारण सभेत आणि तीन वर्षांचा हवा. एका वर्षाचा ठराव नव्या कमिटीच्या हातात मरतो. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, पैसा येणार असेल तर तो ३१ मार्चच्या आत उडवायची घाई होते, आणि मार्चमध्ये तर लावण्यासारखं काहीच नसतं. कंपनीला प्रकल्प सुरुवातीलाच ‘चालू’ म्हणून मंजूर करायला सांगा. मग उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्चता येते.

बॅनरवर दोन्ही नावं, पाड्याचं आधी. वारली चित्रं हवी असतील तर पाड्यातल्या चित्रकाराला पैसे देऊन काढून घ्या. वारली लग्नात भिंतीवर काढतात तो चौक मात्र गेटवर सजावट म्हणून मागू नका. तो देवीचा असतो. शेवळं कुठं येतात, बिबट्या कुठून जातो, याचे फोटो ठिकाणासकट ग्रुपवर टाकले तर पुढच्या रविवारी तिथं पन्नास गाड्या.

मोजणी

नोव्हेंबरात एकदा आणि मेअखेरीस एकदा, पाड्यातलं एक आणि सोसायटीतलं एक माणूस बरोबर फिरून, दोघांच्या वहीत एकच आकडा. मेलेलं रोप नुसतं खोडून पुढं जाऊ नका, उपटून बघा. मूळ तळाशी गोल गुंडाळलेलं असेल तर चूक रोपवाटिकेतली: पिशवी लहान पडली किंवा हलवली गेली नाही. मूळ सरळ पण सुतळीसारखं वाळलेलं असेल तर पाणी चुकलं, म्हणजे टँकर चुकला. साल कुरतडून मातीचं अस्तर चढलेलं दिसलं तर वाळवी. पुढच्या वेळी पालापाचोळ्याचं आच्छादन खोडापासून वीतभर लांब ठेवा. शेंडाच नसेल तर गुरं. नोंद रोपाशेजारी उभं राहून, दोघांच्या समोर करायची आणि सुरुवातीला सही केलेल्या पानावर ठरल्याप्रमाणे तोटा त्याच संध्याकाळी वाटून घ्यायचा.